ससा हलाल आहे, पण मन घेत नाही : मग मी काय करू?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या बहुतेक कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. त्यामुळे आपल्याकडे पोरांच्या रात्रीच्या भटकंतीचा दिवस शनिवार नसतो, बुधवार असतो. अशाच एका गुरुवारी फजरची नमाज पढून मी चिखलीतल्या घरी परतलो, तर दारात वस्तीतलाच एक ओळखीचा तरुण उभा. चाकणला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर काम करणारा, सालस मुलगा. हातात काळी कॅरीबॅग होती.

"चाचा, रात्री खेडच्या बाजूला गेलो होतो. दोन ससे मिळाले. एक तुमच्यासाठी आणला. बिस्मिल्लाह पढून सुरी फिरवली आहे, टेन्शन नका घेऊ."

प्रेमाने आणलं होतं. पण पिशवीतून एक लांब कान बाहेर आला होता आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा डोळे चोळत मागे येऊन उभा राहिला होता. त्याने कान पाहिला आणि विचारलं, "अब्बू, ह्याने काय केलं होतं?"

मी त्या तरुणाला म्हटलं, "नको बेटा, माझं मन घेत नाही." तो हसला. "क्या चाचा, मुसलमान होके खरगोश से डरते?" वाईट हेतूने नव्हे, गंमतीने बोलला. पण ते वाक्य दिवसभर डोक्यात फिरत राहिलं. आमच्या घरी मटण शिजतं, बकरीदला कुर्बानी होते. मग सशासमोरच मन का आखडतं? ही ईमानची कमजोरी म्हणायची का? आणि हलाल गोष्टीला "नको" म्हणालो, म्हणजे काही चुकीचं केलं का?

असा प्रश्न फक्त मला पडलेला नाही. बोललो तेव्हा कळलं की बऱ्याच घरांत तो दबलेला आहे. कुणाच्या मुलाने एअरगनने मारलेला होला बघून जेवण टाकलं, कुणाची मुलगी बकरीदच्या आदल्या रात्री रडते. लोक लाजेने बोलत नाहीत. म्हणून हा विषय नीट उलगडून मांडायचं ठरवलं.

तीन प्रश्न आहेत, ते एकत्र करू नका

आमच्या मशिदीच्या इमाम साहेबांशी बोललो. त्यांनी आधी माझा गुंता सोडवला. म्हणाले, तुम्ही तीन वेगवेगळे प्रश्न एकाच पिशवीत भरले आहेत. पहिला, शरीयतमध्ये ही गोष्ट हलाल आहे का? दुसरा, हलाल असलेली गोष्ट मला नको वाटली तर चालते का? तिसरा, आपण जिथे राहतो तिथल्या कायद्यात ती बसते का? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी ठेवलं की गडबड होते. तो तरुण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन तिसऱ्यातून सुटू पाहत होता. मी दुसऱ्यात अडकून पहिल्यावर शंका घेत होतो.

आपण एकेक प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न : शिकार आणि ससा, शरीयत काय सांगते?

इथे उत्तर सरळ आहे. अन्नासाठी शिकार करणं इस्लाममध्ये जायज आहे. कुरआनात सूरह अल-माइदाच्या सुरुवातीच्याच आयतींमध्ये त्याचा उल्लेख आहे. सशाबद्दल तर वेगळी हदीस आहे. बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत ती येते. मक्केजवळ मर्रुज्जहरान इथे लोकांनी एका सशाचा पाठलाग केला. बाकीचे दमून मागे पडले, पण हजरत अनस (रजि.) यांनी तो पकडला. हजरत अबू तल्हा (रजि.) यांनी तो जबह केला आणि मागच्या भागाचं मांस प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे पाठवलं. प्रेषितांनी ते स्वीकारलं. म्हणून हनफी असोत की कोकणातले शाफई, चारही सुन्नी मजहबांत ससा हलाल मानला जातो. शिया जाफरी फिकहमध्ये मात्र ससा खाल्ला जात नाही.

पण "शिकार जायज आहे" एवढं अर्धंच वाक्य आपल्या पोरांना माहीत असतं. उरलेल्या अर्ध्यात अटी आहेत, आणि त्या कडक आहेत.

हजरत अदी बिन हातिम (रजि.) हे स्वतः शिकारी होते. त्यांनी प्रेषितांना (स.) या बाबतीत बारीकसारीक प्रश्न विचारले, म्हणून आज आपल्याकडे इतके स्पष्ट नियम आहेत. कुत्रा शिकवलेला हवा. त्याला सोडताना अल्लाहचं नाव घेतलेलं हवं. कुत्र्याने शिकारीतलं स्वतः खाल्लं, तर ती शिकार त्याने स्वतःसाठी पकडली असं धरायचं आणि आपण खायची नाही. आपल्या कुत्र्यासोबत दुसरा अनोळखी कुत्रा दिसला आणि शिकार मेलेली सापडली, तरी खायची नाही, कारण नाव आपल्या कुत्र्यावर घेतलं होतं, दुसऱ्यावर नाही. बाण लागलेला प्राणी पाण्यात पडून मेला, तरीही नाही, कारण तो बाणाने मेला की बुडून, हे आपल्याला ठाऊक नाही.

आता आपल्याकडे शिकार कशाने होते ते आठवा. गलोल, दगड, काठी, एअरगन. अदींना (रजि.) दिलेल्या उत्तरांत हेही आलं आहे. धारदार टोकाने भेदून मेलं तर खा, पण आडव्या माराने, आघाताने मेलं तर खाऊ नका. कुरआनातही आघाताने मेलेलं जनावर हराम सांगितलं आहे. गलोलीच्या खड्याने जागीच मेलेला पक्षी या यादीत जातो. बंदुकीच्या गोळीने किंवा छर्ऱ्याने जबह होण्याआधीच प्राणी मेला, तर तो हलाल नाही, असं आपल्याकडचे बहुतेक हनफी उलेमा सांगतात. काही अरब उलेमांचं मत वेगळं आहे. शंका असेल तर आपल्या मुफ्ती साहेबांना विचारा. पण एवढं नक्की की मेलेल्या होल्याच्या मानेवरून नंतर सुरी फिरवली म्हणजे तो हलाल झाला, हा समज चूक आहे.

एक हदीस तर गलोलवाल्या पोरांसाठीच असावी असं वाटतं. बोटांच्या चिमटीत खडे धरून मारण्याची त्या काळी सवय होती. प्रेषितांनी (स.) तिला मनाई केली आणि कारणही सांगितलं. त्याने ना शिकार होते, ना शत्रू जायबंदी होतो, फक्त कुणाचा दात पडतो नाहीतर डोळा जातो.

आणि मजा म्हणून शिकार? जिवंत प्राण्याला निशाणा म्हणून बांधून त्याच्यावर नेम धरायला स्पष्ट मनाई आहे. हजरत इब्ने उमर (रजि.) यांनी काही तरुणांना कोंबडी बांधून तिच्यावर बाण मारताना पाहिलं, तेव्हा त्यांनी हीच मनाई सांगितली. शिकारीच्या मागे लागलेला माणूस गाफील होतो, असा इशाराही हदीसमध्ये येतो. म्हणून खायचं नाही, गरज नाही, फक्त थ्रिल हवं, अशी शिकार अनेक उलेमांनी मकरूह ठरवली आहे.

आता त्या बुधवारच्या रात्रीकडे पाहू. बाइकचा हेडलाइट किंवा मोठी बॅटरी अंगावर आली की ससा दिपून जागीच थबकतो. मग काठी पडते. वर मोबाइलवर शूटिंग, स्टेटस. यात भूक किती आणि मजा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

दुसरा प्रश्न : हलाल आहे, पण मन घेत नाही

इमाम साहेबांनी मला जी हदीस ऐकवली, तिने माझं ओझं उतरलं. तीही बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे.

प्रेषितांच्या (स.) समोर भाजलेला "दब्ब" ठेवला गेला. दब्ब म्हणजे अरबस्तानच्या वाळवंटात मिळणारा, काटेरी शेपटीचा सरड्यासारखा प्राणी. त्यांनी हात पुढे केला होता, पण हे काय आहे ते कळताच मागे घेतला. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारलं, हे हराम आहे का? उत्तर मिळालं की नाही, पण हा माझ्या लोकांच्या प्रदेशात नसतो, म्हणून मला तो नकोसा वाटतो. खालिद (रजि.) यांनी तो आपल्याकडे ओढून तिथेच खाल्ला. प्रेषित (स.) पाहत होते, त्यांनी मना केलं नाही.

(दब्ब खाण्याबद्दल मजहबांत मतभेद आहेत. शाफई जायज मानतात, हनफी मकरूह. आपल्याकडची घोरपड हा वेगळा प्राणी आहे. या हदीसचा आधार घेऊन कुणी घोरपडीच्या मागे लागू नये. ती मारणं हा फार गंभीर गुन्हा आहे.)

या प्रसंगात दोन माणसं एकाच दस्तरख्वानावर बसली आहेत. एकाचं मन घेत नाही, दुसरा आवडीने खातो. न खाणाऱ्याने खाणाऱ्याला वाईट म्हटलं नाही. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला टोमणा मारला नाही. आपल्या घरांत, कंपनीच्या कँटीनमध्ये, दावतीत असंच असायला काय हरकत आहे?

म्हणजे "मला नको" म्हणण्याची मुभा आहे. मात्र त्याची एक हद्दही आहे. "मला नको" वेगळं, आणि "हे हरामच असलं पाहिजे" वेगळं. अल्लाहने जे हलाल केलं ते आपल्या मनाने हराम ठरवू नका, अशी ताकीद सूरह अल-माइदामध्येच आहे. म्हणून मी माझ्या मुलाला "ससा खाणारे लोक वाईट असतात" असं सांगू शकत नाही. अनस (रजि.) आणि अबू तल्हा (रजि.) यांच्यापेक्षा मी जास्त दयाळू, असा आव आणणं हा गर्व झाला.

पण ज्याचं मन हळवं आहे त्याला कमजोर समजणं हीही तेवढीच मोठी चूक आहे. अबू दाऊदमध्ये एक प्रसंग आहे. प्रवासात काही सहाबींनी एका लहान पक्षिणीची दोन पिल्लं उचलली. ती पंख फडफडवत वर घिरट्या घालू लागली. प्रेषित (स.) आले, तिची तगमग पाहिली आणि विचारलं की पिल्लं घेऊन हिला कुणी दुःख दिलं? मग पिल्लं परत ठेवायला लावली. बरोबर असलेली माणसं बद्र-उहुदच्या काळातली, लढाया पाहिलेली होती. त्यांना कुणी "पक्ष्याला काय घाबरता" असं म्हटलं नाही.

"मग बोकड कसा चालतो?"

हा प्रश्न येणारच. माझ्या मुलानेही विचारला. तो टाळून चालणार नाही.

मी त्याला शक्य तेवढं खरं उत्तर दिलं. चाकणला शनिवारच्या बाजारातून आपण बोकड आणतो. तो माणसाने पाळलेला, चारा-पाणी देऊन वाढवलेला असतो. त्याला जबह करताना सुरी धारदार हवी, त्याला त्रास कमीत कमी व्हावा, हा हुकूम आहे. प्रत्येक कामात भलेपणा ठेवा, जबह करतानाही, अशा अर्थाची हदीस मुस्लिममध्ये आहे. त्याच्यासमोर सुरी परजायची नाही, दुसऱ्या जनावरासमोर त्याला कापायचं नाही, हा अदब आपण लहानपणापासून ऐकतो. कुर्बानी ही इबादत आहे, तिच्यात गरिबाचा वाटा आहे. रात्री गवतात बसलेल्या सशाला दिपवून मारण्यात यातलं काहीच नाही.

पण हेही कबूल केलं पाहिजे की जीव दोघांनाही आहे. बोकडाच्या वेळी मन थोडंही हलत नसेल, तर ते काही भूषण नाही. बिस्मिल्लाह म्हणण्याचा अर्थच हा की हा जीव माझा नाही, ज्याचा आहे त्याच्या नावाने आणि त्याच्या परवानगीने मी घेतोय. बकरीदला जी मुलगी रडते तिला "गप्प बस" म्हणण्याआधी हे आठवावं. कुर्बानीचा खरा अर्थ कदाचित तिलाच आपल्यापेक्षा जास्त कळला असेल.

माझं स्वतःचं कारण मात्र जुनं आहे. आमचं गाव जामखेडकडचं. लहानपणी मामूंबरोबर मी सशाच्या मागे गेलो होतो. ससा हा एरवी मुका प्राणी. कधी आवाज ऐकू येत नाही. पण हातात सापडला की तो ओरडतो, आणि तो आवाज थेट तान्ह्या मुलासारखा असतो. मामूंना सवय होती. मला ती कधीच झाली नाही. चाळीस वर्षं झाली, आवाज अजून कानात आहे.

एका मुसलमान मुलाची एअरगन

मन थबकलं की माणूस कमजोर होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी डॉ. सलीम अली यांची गोष्ट जरूर माहीत करून घ्यावी.

सलीम अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा, मुंबईचा. सुलेमानी बोहरा कुटुंबातले. आईवडील लहानपणीच गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या खेतवाडीतल्या घरी वाढले. मामा शिकारीचे शौकीन होते. मुलाच्या हातात खेळण्यातली एअरगन आली आणि चिमण्या पडू लागल्या. त्या काळी ही सर्रास गोष्ट होती. 1908 च्या सुमारास, बारा-एक वर्षांचा असताना, त्याने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. मुलगा थबकला. ही नेहमीची चिमणी नाही, मग मुसलमानाला ही खाता येईल का? प्रश्न घेऊन तो मामांकडे गेला. मामांनाही पक्षी ओळखता आला नाही. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी पक्षी ओळखला, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला, आणि त्या मुलाचं आयुष्य बदललं.

पुढे तेच भारताचे "पक्षिमानव" झाले. 1941 मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं, 1976 मध्ये पद्मविभूषण मिळालं. आत्मचरित्राला त्यांनी त्या चिमणीवरूनच "द फॉल ऑफ अ स्पॅरो" असं नाव दिलं. आपल्या पुण्यात येरवड्याजवळ मुळा-मुठेच्या काठी त्यांच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे.

इथे गोष्ट वाढवून सांगायची नाही. सलीम अली यांनी त्या दिवशी बंदूक कायमची टाकली, असं झालं नाही. तो काळही वेगळा होता. पण हे खरं की मारलेल्या पक्ष्याकडे त्या मुलाने दोन मिनिटं थांबून पाहिलं. "हे मला चालेल का?" हा त्याचा प्रश्न हलाल-हरामच्या शिकवणीतूनच आला होता. त्याच्या घरातल्या मोठ्या माणसाने प्रश्नाची चेष्टा केली नाही, उत्तर शोधायला पाठवलं. आपल्या घरातलं मूल असं थबकलं, तर आपण काय करतो?

तिसरा प्रश्न : कायदा

आता सर्वांत महत्त्वाचं. वर जे काही लिहिलं ते सोडून दिलं, मन घेत असलं आणि सगळ्या शरई अटी पाळल्या, तरीही आज भारतात रानातला ससा मारता येत नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. त्यात 2022 मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. रानससा हा त्यात संरक्षित प्राणी आहे. मोर, चिंकारा, काळवीट, घोरपड यांना तर सर्वांत वरच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. आपल्या पोरांना जे माहीत नसतं ते असं :

- कायद्यात "शिकार" म्हणजे फक्त ठार मारणं नाही. पकडणं, फासा किंवा जाळं लावणं, विष घालणं, आमिष दाखवणं, हाका घालणं आणि या सगळ्याचा नुसता प्रयत्न करणं, हेही शिकारीतच येतं. पक्ष्यांच्या बाबतीत अंडी किंवा घरटं मोडणंसुद्धा.
- सशासारख्या प्राण्यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद, शिवाय किमान 25 हजार रुपये दंड.
- शिकारीला वापरलेली बाइक, जीप, हत्यार, जाळी जप्त होते.
- मांस जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. ते तुमच्याकडे कायदेशीर मार्गाने आलं, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणजे त्या सकाळी मी पिशवी घेऊन फ्रिजमध्ये ठेवली असती, तर शिकारीला न जाताही मी अडकलो असतो.
- साधी एअरगन लायसन्सशिवाय मिळते, म्हणून तिने पक्षी मारायला परवानगी आहे, असं अजिबात नाही.

"पण हा कायदा आपल्या हलालच्या आड येतो ना?" असं एकाने मला विचारलं. इमाम साहेबांचं उत्तर सोपं होतं. शिकार ही मुबाह गोष्ट आहे. केली तर चालते, नाही केली तर काही बिघडत नाही. ती ना फर्ज आहे, ना सुन्नते मुअक्कदा. कायद्याने ती थांबवली म्हणून आपलं कोणतंही धार्मिक कर्तव्य अडत नाही. शिवाय शरीयतमध्येच शिकारबंदीची जागा आहे. एहराममध्ये असताना जमिनीवरची शिकार हराम आहे. मक्केच्या हरमच्या हद्दीत तर शिकारीच्या प्राण्याला हुसकावायचंही नाही. मदिनेलाही तशी हद्द आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) म्हणत की मदिनेत हरणं चरताना दिसली तरी मी त्यांना दचकवणार नाही. आज आपण ज्याला अभयारण्य म्हणतो ती कल्पना आपल्याला चौदाशे वर्षांपासून माहीत आहे.

सूरह अल-माइदामध्ये एहरामच्या संदर्भात आणखी एक गोष्ट आली आहे. शिकार हाताच्या आणि भाल्याच्या टप्प्यात आणून अल्लाह परीक्षा घेईल, म्हणजे न पाहताही त्याला कोण भितो हे उघड होईल. आपण एहराममध्ये नसतो. पण रात्री दोन वाजता माळावर, फॉरेस्ट गार्ड नसताना, हेडलाइटमध्ये ससा थबकलेला असतो, तेव्हा "कोण बघतंय?" हा प्रश्न मनात येतोच. मोमिनाकडे त्याचं उत्तर तयार असायला हवं.

आणखी एक गोष्ट मनाला लागेल, पण बोलली पाहिजे. अशा शिकारीला जाणाऱ्या टोळक्यात आपली पोरं असतात, तशी इतर समाजाचीही असतात. पण केस झाली, फोटो व्हायरल झाला, की कुणाचं नाव मोठ्या अक्षरात छापून येईल, हे आपल्याला सांगावं लागत नाही. कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलाची नोकरी जायला एक एफआयआर पुरतो. पोलिस व्हेरिफिकेशनमध्ये नाव आलं की पुढच्या गेटपासचीही पंचाईत. दोन किलोच्या सशासाठी एवढं गमवायचं?

तो राहतो कसा, हेही बघा

आपल्या माळावरचा ससा बीळ खोदत नाही. दुकानात मिळणारा पांढरा ससा ही वेगळी जात, तो युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा पाळीव वंशज. आपला रानससा दिवसभर गवतात अंगाएवढा खळगा करून दबून बसतो आणि रात्री चरायला निघतो. पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. आई त्यांना गवतात लपवून दूर राहते आणि दूध पाजायला तेवढी येते. म्हणजे रात्री एक मादी मारली, तर गवतात दबून वाट पाहणारी पिल्लं आपल्याला दिसतही नाहीत.

त्याला दडायला गवत हवं. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, सावरदरी, वासुली या गावांचे माळ ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पाहिलेत, त्यांना तिथे आज काय आहे ते माहीत आहे. शेड, कंपाउंड, कंटेनरची रांग. आपली रोजीरोटी तिथेच आहे, म्हणून मी त्याविरुद्ध बोलत नाही. पण जागा आपण घेतलीच आहे, आता उरलेल्या पट्ट्यातला जीवही घ्यायचा का? ससा, तितर, लावा हे कोल्ह्याचं, रानमांजराचं, गरुडाचं अन्न आहे, बिबट्याही ते खातो. मार्च 2022 मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात बिबट्या शिरला होता आणि वनखात्याने त्याला बेशुद्ध करून बाहेर काढलं, ते अनेकांनी टीव्हीवर पाहिलं असेल. जंगल आणि कंपनी यांच्यात आता एका भिंतीचंच अंतर आहे.

घरात काय करायचं?

मुलगा किंवा मुलगी एखादं मांस नको म्हणत असेल तर जबरदस्ती करू नका, चेष्टा तर मुळीच नको. "तुला नको ना, ठीक आहे. पण हे हलाल आहे, खाणाऱ्याला नावं ठेवायची नाहीत" एवढं सांगा. दोन्ही वाक्यं एकत्र सांगा, एकच नको.

कुणी रानातलं मांस भेट आणलं तर घेऊ नका. प्रेमाने परत करा आणि कारणही सांगा. ससा, तितर, होला, काहीही असो.

मुलांना वाढदिवसाला एअरगन घेऊन देण्याआधी विचार करा. तिचे छर्रे बहुतेक शिशाचे असतात. शिसं पोटात जाणं लहान मुलांसाठी घातक आहे. नेमबाजीची आवड असेल तर क्लबमध्ये कागदी टार्गेटवर शिकवा. तिरंदाजी आणि नेमबाजी शिकणं आपल्याकडे चांगलंच मानलं आहे.

जखमी प्राणी दिसला किंवा कुठे जाळी-फासे लागलेले दिसले, तर महाराष्ट्र वनखात्याची 1926 ही हेल्पलाइन आहे. स्वतः हात घालू नका. आणि सुट्टीच्या दिवशी पोरांना रानात जायचंच असेल तर भीमाशंकरला घेऊन जा. आपल्याच खेड तालुक्याच्या वरच्या अंगाला ते अभयारण्य आहे. तिथे शेकरू दिसतो, मोठी तांबूस खार, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तो मोबाइलवर शूट करा आणि खुशाल स्टेटसला लावा.

तो तरुण पुढच्या जुम्म्याला मशिदीबाहेर भेटला. मी त्याला कायद्याचं सगळं सांगितलं. तोपर्यंत हसणारा, एक लाख आणि तीन वर्षं ऐकून गप्प झाला. मग म्हणाला, "चाचा, खरं सांगू? मारल्यावर तो ओरडला ना, तेव्हा मलाही कसंतरी झालं होतं. पण सगळे हसत होते, म्हणून मीही हसलो."

घरी आल्यावर मी मुलाच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, जे त्या गुरुवारी द्यायला जमलं नव्हतं. त्याने विचारलं होतं, ह्याने काय केलं होतं? मी म्हटलं, "काहीच नाही केलं बेटा. म्हणूनच त्याला घ्यायचं असेल तर आपल्याकडे फार मोठं कारण हवं. आणि आपल्याकडे ते नव्हतं."